दहाच्या आधी

बद्रीनाथची बोटं अजून उंबऱ्यावर होती तेव्हाच द्वारकाबाईनं शटर खाली ओढलं.

आवाज फार मोठा झाला नाही. ओली काटकी मोडावी तेवढाच झाला. बद्रीनाथ आधी नुसता बघत राहिला आणि मग ओरडला. द्वारकाबाईचे दोन्ही हात शटरच्या कडीवर होते, ते तिनं काढले नाहीत. शेवटी जैतुनबीनं मागून येऊन शटर वर उचललं. उजव्या हाताची मधली दोन बोटं पेराच्या मागं वाकली होती आणि एका बोटाचं नख उंबऱ्याच्या लोखंडाला चिकटून राहिलं होतं.

"आता उघड आठला," द्वारकाबाई म्हणाली.

पुंडलिकनगरच्या मागच्या गल्लीत हे देशी दारूचं दुकान होतं आणि बद्रीनाथ तिथला नोकर होता. तिथून हाकेच्या अंतरावर मजुरांचा नाका होता. सरकारी नियमानं दुकान सकाळी आठला उघडे आणि नाकाही आठलाच भरे. ठेकेदार येत, गवंडी आणि बिगारी निवडून घेऊन जात, आणि दहापर्यंत नाका उठे. ज्याला काम मिळालं नाही तो घरी जाई. पण आठला दुकान उघडं असलं की गवंडी आधी तिकडं वळत. मग ठेकेदार तोंडाचा वास घेऊन पुढच्या माणसाकडं जाई. गवंडी आणि बिगारी ही बहुतेक नवराबायकोचीच जोडी असल्यामुळं नवऱ्याच्या तोंडाला वास आला की बायकोचंही काम जाई. गल्लीतल्या बायकांना दुकान बंद करायचं नव्हतं. ते होणार नाही हे त्यांना कळत होतं. त्यांना फक्त नाका उठेपर्यंत ते बंद हवं होतं.

बोटं मोडली त्याच दिवशी फौजदारानं दोन्ही बाजूंना चौकीत बसवलं. दुकानाचे मालक नानासाहेब पांढऱ्या बुटात आले होते. बायकांनी सांगितलं की दहाला उघडा, नाहीतर आडव्या बाटलीचं मतदान मागू. वॉर्डातल्या निम्म्या बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान कायमचं जातं, हे नानासाहेबांना चांगलं माहीत होतं. त्यांनी बुटाकडं बघत विचार केला.

"कागदावर आठच राहील," ते म्हणाले. "पण शब्द देतो. उघडू दहाला. फक्त माझी एक अट हाय. दहाच्या आधी तुमच्यातल्याच कुणी बाटली नेली, तर शब्द संपला. मग दुसऱ्या दिवशी आठला शटर वर, आणि कुणी आडवं आलं तर मी पोलीस लावीन."

"आमच्यातली कशाला नेईल?" द्वारकाबाई हसली. "आमच्या घरी काय लग्न निघालंय?"

बद्रीनाथच्या बोटांची तक्रार नानासाहेबांनी दिली नाही. बद्रीनाथला कुणी विचारलं नाही.

त्यानंतर शब्द पाळला जावा म्हणून रोज सकाळी बायका दुकानासमोर बसू लागल्या. प्रत्येकीपुढं आपापलं घमेलं पालथं ठेवलेलं असे; नाक्यावरून नवऱ्याची हाक आली की ती ते उचलून जाई. समोरच्या भिंतीला टेकून पिणारे बसत. ते बायकांकडं बघत आणि बायका त्यांच्याकडं. जैतुनबीच्या तोंडाला तर लगामच नव्हता.

"कायकू रे नवाब, ससुराल है क्या ये तेरा? सवेरे सवेरे दामादां के सरीका आ के बैठता."

"खाला, घसा कोरडा पडलाय."

"नळ हाय ना समोर. नळाला काय बद्रीनाथ बसवलाय?"

सगळ्या हसत. नवाबही हसे, पण त्याची मान हलत राही.

पुरुषांनी वाट काढलीच. रात्रीची बाटली उरवून सकाळसाठी घरात लपवून ठेवायची. हे कळल्यावर बायका घरांच्या झडत्या घेऊ लागल्या. पिठाच्या डब्यात, उशीच्या खोळीत, पत्र्याच्या फटीत बाटल्या सापडत आणि गटारात रिकाम्या होत. चतुराबाईचा नवरा तर बाटली देवळीत देवाच्या मागं ठेवायचा. चतुराबाईनं देवाला नमस्कार करून ती काढली.

द्वारकाबाईच्या घरात मात्र काही सापडत नव्हतं. तिचा नवरा सांडू प्लॅस्टरचा गवंडी होता. त्याचा हात असा की भिंतीवर ओळंबा लावायची गरज पडू नये. बाटली कधी दिसत नव्हती, तरी सकाळी त्याचा हात स्थिर असे आणि तोंडाला वासही फारसा नसे. बायका म्हणत, द्वारकाचा सुटला. तीही मान हलवी.

मग एका संध्याकाळी तिला लेव्हलचा पाईप दिसला. दोन टोकांची पातळी बघायला गवंड्याकडं पाण्यानं भरलेला पारदर्शक पाईप असतो. सांडू तो दोन्ही टोकांना बुचं मारून खुंटीला वेटोळा करून ठेवी. काम झालं की पाणी ओतून पाईप रिकामा करतात. भरलेला पाईप कुणी घरी आणत नाही. द्वारकाबाई इतकी वर्षं बिगारी होती, पण ही गोष्ट तिच्या डोक्यात त्याच दिवशी आली. तिनं बूच काढलं आणि नाकाला लावलं. देशी दारू पाण्यासारखीच दिसते.

पाईप तिनं मोरीत ओतला. बराच वेळ ओतत होती, कारण पाईप लांब होता.

सकाळी सांडूनं खुंटीवरून पाईप काढला. तो हलका लागला. त्यानं तो तसाच खांद्याला लावला. नाक्यावर मात्र ठेकेदारानं त्याला हात पुढं करायला सांगितलं आणि सगळ्यांच्या देखत त्याची बोटं थरथरू लागली. ठेकेदार म्हणाला, "सांडूभाऊ, हे हात प्लॅस्टर करतील, का वाळू चाळतील?" सांडूनं थापी उचलून त्याच्या तोंडावर मारली. थापीची कड ओठावर बसली आणि ओठ उभा फाटला. चौघांनी सांडूला ओढून बाजूला केलं आणि पोटात लाथा घातल्या. ठेकेदार दुसरी जोडी घेऊन गेला.

घरी येऊन त्यानं दार लावलं. द्वारकाबाईला त्यानं आधी हातानं मारलं, पण हात थरथरत असल्यामुळं मार नीट बसत नव्हता. मग त्यानं पाईपच घेतला. रिकामा पाईप चाबकासारखा बसतो. पाठीवर, दंडावर, एकदा कानावर. तिनं स्टोव्ह उचलून त्याच्या गुडघ्यावर मारला तेव्हा तो खाली बसला. भिंतीपलीकडून जैतुनबी ऐकत होती. ती आणि चतुराबाई कडी उचकटून आत आल्या, तेव्हा नवरा-बायको दोघंही जमिनीवर बसून धापा टाकत होती.

"बांध याला," चतुराबाई म्हणाली. "माझा पण असाच उठला होता. बांधून टाकला, चहा-पाणी दिलं, तिसऱ्या दिवशी बैल होता तो गाय झाला."

गल्लीत आता ही रीतच पडली होती. जो आवरेना त्याला बायका बांधून ठेवत. ओरडून, घाम गाळून, शिव्या देऊन तो उतरे. चतुराबाईच्या नवऱ्याला बांधलं होतं तेव्हा तिसऱ्या दिवसाच्या आधीच ती कच खाऊन दुकानासमोर आली होती. एक पावशेर द्या म्हणून द्वारकाबाईच्या पाया पडली होती. द्वारकाबाईनं तिचे हात पायांवरून काढले होते. "थरथरतं सगळ्यांचंच. आज तुला दिली तर उद्या कुणाला नाय म्हणू?" ती म्हणाली होती. आणि तिचं खरं ठरलं होतं. चतुराबाईचा नवरा उतरला, आता रोज नाक्यावर जात होता.

त्यांनी सांडूला बांधकामाच्या परांचीच्या दोरानं घरातल्या खांबाला बांधलं. परांचीची गाठ माणसाच्या वजनानं आणखी आवळते, ती हातानं सुटत नाही. दिवसभर तो शिव्या देत होता. संध्याकाळी रडला. रात्र कशी गेली हे फक्त द्वारकाबाईला माहीत होतं. सकाळ होता होता त्याचा आवाज बदलला. भिंतीतून मुंग्या निघताहेत, प्लॅस्टर आतून पोखरतंय, असं तो म्हणू लागला. त्याचा सदरा पाण्यातून काढल्यासारखा भिजला होता. तो तिला तिच्या नावानं नाही, आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारत होता.

"सारजे, भिंत धर. पडंल."

ती दोर सैल करायला वाकली आणि त्याचं डोकं तिच्या तोंडावर आदळलं. मुद्दाम नव्हतं. त्याचं सगळं अंग एकदम ताठ झालं होतं. मग ते झटके देऊ लागलं. खांब हलत होता आणि वरच्या पत्र्यातून माती पडत होती. त्याचे डोळे वर गेले, दातांत जीभ सापडली आणि तोंडातून लाल फेस आला. गाठ त्याच्या वजनानं आवळत गेली आणि मनगटं निळी पडली. तिनं विळ्यानं दोर कापला. तो खाली पडला आणि कापडी बोळ्यासारखा पडून राहिला.

मोठ्या रस्त्यावर एक डॉक्टरीणबाई राहायच्या. द्वारकाबाई अनवाणी पळत गेली. बाई दवाखाना उघडायच्या आधीच्या वेळेला फुलझाडांना पाणी घालत होत्या. त्यांनी तिचं रक्ताळलेलं तोंड बघितलं, सगळं ऐकून घेतलं आणि पाण्याचा नळ बंद केला.

"किती वर्षं पितोय?"

"लग्नाआधीपासून."

"इतक्या वर्षांची एकदम तोडायची नसते. काहींना सोसते, काहींचा मेंदू बिथरतो. आणखी झटके आले तर जीव जाईल. ताबडतोब घाटीच्या सरकारी दवाखान्यात न्या, तिथं इंजेक्शन देतील. माझ्याकडं ते नाही."

"रिक्षा शाळेच्या पोरांना सोडायला गेलीय. यायला येळ लागंल. तवर?"

डॉक्टरीणबाईंनी ओले हात पदराला पुसले. "शुद्धीत असेल, नीट गिळत असेल, तरच घोट घोट दारू द्या. बसवून. बेशुद्ध असेल तर एक थेंबही नाही."

रिक्षा जैतुनबीच्या दिराची होती, हैदरची. गल्लीतली ती एकच रिक्षा. द्वारकाबाई परत आली तेव्हा सांडूनं डोळे उघडले होते. पाणी दिलं तर त्यानं गिळलं. पण त्याच्या ओठांचे कोपरे पुन्हा उडायला लागले होते. तिनं शेजारच्या म्हातारीला त्याच्यापाशी बसवलं आणि ती दुकानाकडं गेली.

बायका नेहमीसारख्या बसल्या होत्या. समोर भिंतीला पुरुष टेकले होते. दुकानाच्या बाजूच्या जाळीच्या खिडकीत बद्रीनाथ खोकी मोजत होता. त्याचा उजवा हात अजून फडक्यात होता.

"बाजूला व्हा," द्वारकाबाई म्हणाली. "मला एक बाटली पाहिजे. सांडू मरायला लागलाय."

कुणी उठलं नाही.

"थरथरतोय?" चतुराबाईनं विचारलं.

"थरथर नाय ती. झटका आला. जीभ चावली त्यानं."

"माझ्यानं पण चावली होती."

"चतुरे, तसं नाय. डाक्टरीण बोलली."

"मी पाया पडले होते तुझ्या," चतुराबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तवा डाक्टरीण नव्हती का?"

जैतुनबी उठून तिच्यासमोर आली. "द्वारका, सुन. हैदर आताच आता. उसको घाटी लेके जाते. मैं आती साथ में. लेकिन बाटली नक्को. तूनंच नेली तर नानासाहेब कल सकाळी आठला उघडतो. सब गया. इत्ते सब औरतां का गया."

"हैदर यायच्या आधी तो मरंल."

"नै मरता."

"तुला काय माहीत?"

"तेरेकू क्या मालूम था चतुरा के टैम?"

द्वारकाबाई तिला वळसा घालून खिडकीकडं गेली. जाळीला तोंड लावून ती म्हणाली, "बद्रीभाऊ, एक पावशेर."

बद्रीनाथनं खोकी मोजायची थांबवली. त्यानं फडक्यातला हात उचलून जाळीजवळ आणला. पट्टीतून बाहेर आलेलं बोटाचं टोक काळं पडलं होतं.

"दहाला या वहिनी," तो म्हणाला. "टायम झाला नाय अजून."

समोरच्या भिंतीपाशी कुणीतरी हसलं.

जैतुनबीनं मागून तिचा दंड धरला. द्वारकाबाईनं वाकून पहिलं हाताला लागलं ते घमेलं उचललं आणि वळून मारलं. लोखंडी घमेल्याची कड जैतुनबीच्या कपाळावर बसली. भुवईपासून केसांपर्यंत कातडी उघडली आणि आतलं पांढरं हाड क्षणभर दिसलं, मग ते रक्तानं झाकलं गेलं. जैतुनबी गुडघ्यांवर बसली. चतुराबाईनं द्वारकाबाईचे केस धरले. द्वारकाबाईनं तिच्या मनगटाला दात लावले आणि सोडले नाहीत. बायकांची ओळ मोडली.

पुरुषांना एवढंच हवं होतं. नवाब सगळ्यात आधी उठला. ते बायकांवरून गेले. कुणाच्या हातावर पाय पडला, कुणाची साडी टाचेखाली सापडून ती तोंडावर आपटली. दोघांनी शटरखाली फावड्याचा दांडा घालून ते उचकटलं. बद्रीनाथ डाव्या हातानं त्यांना ढकलत होता. एकानं त्याच्या पाठीत भरलेलं खोकं टाकलं. तो बाटल्यांवर पडला आणि बाटल्या त्याच्याखाली फुटल्या. तो उठला तेव्हा त्याच्या पाठीत काच रुतली होती आणि सदऱ्यावर दारू आणि रक्त एकत्र पसरत होतं. नवाब फुटलेल्या बाटलीच्या बुडात उरलेलं पीत होता. त्याचा ओठ कापला तरी तो पीत राहिला.

द्वारकाबाई या सगळ्यातून आत शिरली, फळीवरून एक बाटली घेतली आणि बाहेर आली. तिला कुणी अडवलं नाही.

सांडू बसला होता, पण त्याची मान एका बाजूला ओढली जात होती. तिनं त्याला भिंतीला टेकवून धरलं आणि झाकणात ओतून एक घोट दिला. त्यानं गिळला. मग दुसरा. बऱ्याच वेळानं ओठांचे कोपरे उडायचे थांबले. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि तिच्याच नावानं हाक मारली. तिनं बाटलीला झाकण लावलं आणि ती कमरेला खोचली.

बाहेर हैदरचा भोंगा वाजला. त्याला गल्लीत शिरतानाच कुणीतरी सांगितलं असावं, कारण त्याच्या रिक्षात आधीच जैतुनबी बसली होती. तिनं पदराचा बोळा कपाळावर दाबून धरला होता आणि रक्त कोपरावरून गळत होतं. हैदर द्वारकाबाईकडं न बघता उतरला आणि सांडूला खांद्यावर घेऊन आत टाकलं.

"दुसरी रिक्षा नाय," तो म्हणाला. "बसा."

तिघं मागच्या सीटवर बसली. सांडू मध्ये. औरंगपुऱ्याच्या अलीकडं रस्ता तुंबला होता. हैदर भोंगा वाजवत शिव्या देत होता, पुढं एक हातगाडी आडवी होती. तिथंच सांडूला दुसरा झटका आला. तो सीटवरून घसरला, त्याची टाच जैतुनबीच्या पोटात बसली. द्वारकाबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेऊन एका कुशीवर वळवलं. त्याच्या लाथा पुढच्या सीटवर बसत होत्या. जैतुनबीनं कपाळावरचा बोळा सोडला, दोन्ही हातांनी त्याचे गुडघे धरले आणि त्यांच्यावर आडवी पडली. तिचं रक्त त्याच्या पायजम्यावर सांडत होतं. तिनं द्वारकाबाईकडं बघितलं नाही. हा झटका पहिल्यापेक्षा लवकर थांबला.

घाटीत सांडूला आत घेतलं, दंडात इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. तरुण डॉक्टरनं द्वारकाबाईला विचारलं की शेवटची दारू कधी घेतली. तिनं सांगितलं. तो म्हणाला, "वाचेल. पण चार-पाच दिवस इथंच. आणि पुन्हा असं बांधू नका." तिनं कमरेची बाटली काढून त्याच्या टेबलावर ठेवली.

बाहेरच्या बाकावर जैतुनबीचं कपाळ शिवून झालं होतं. शेजारी घाटीच्या चौकीचा हवालदार जबाब लिहून घेत होता. मारामारीची जखम असली की तो विचारतोच.

"कुणी मारलं?"

"इसने." जैतुनबीनं बोट दाखवलं. "द्वारकाबाई. घमेल्यानं."

हवालदारानं मान वर केली. एक बाई रक्ताळलेल्या ओठांनी समोर उभी होती. तिच्या हातात त्याच जैतुनबीसाठी आणलेला पाण्याचा पेला होता.

"ही कोण तुमची?"

"भिंतीला भिंत हाय."

"कारण काय भांडणाचं?"

"दारू."

"कोण प्यालेलं होतं?"

"कोणीच नाय," जैतुनबी म्हणाली. "दुकान उघडायचं होतं अजून."

हवालदार लिहायचा थांबला, मग त्यानं ते तसंच लिहिलं. जैतुनबीनं पेला घेतला, अर्धा प्यायली आणि उरलेल्या पाण्यानं कोपरावरचं वाळलेलं रक्त धुतलं.

"कल आठला उघडतो तो," ती म्हणाली. "पोलीस लावून. मैं तो बैठती. चतुरा बी बैठती, बोलती थी. किती बैठते मालूम नै." तिनं रिकामा पेला द्वारकाबाईच्या हातात दिला. "तू नक्को आ."

द्वारकाबाईनं पेल्यातले उरलेले थेंब झटकले.

"तुमचं काही म्हणणं?" हवालदारानं तिला विचारलं.

"ती म्हणती तसंच हाय," द्वारकाबाई म्हणाली. "व्हय. मीच मारलं."

"सही येते?"

"येते."

तिनं पेला बाकावर ठेवला, हात साडीला पुसला आणि त्यानं दाखवलेल्या जागी सही केली. आतून परिचारिकेनं सांडूच्या नातेवाइकांना हाक मारली. द्वारकाबाई वळली. जैतुनबीनं तिला जायला वाट द्यावी म्हणून पाय जवळ घेतले.